साडेचार फुटांतला आडोसा

परवा व्हिडिओवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या घरामागचं नवं लाकडी कुंपण दाखवलंत. फळ्या एकसारख्या, उंची माणसाच्या डोक्याच्याही वर, आत हिरवळ. धाकट्याने विचारलं, "आजी, तुमच्याकडे बॅकयार्ड होतं का?" मी "होतं तर!" म्हणाले आणि मागून तुमची आई एकदम फिस्सकन हसली. तिला का हसू आलं, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे, सुरुवातीपासून.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून भाईंदर पूर्वेला, नवघरच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. आम्ही म्हणजे तुमचे आजोबा, माझ्या सासूबाई, तुमची आई आणि मी. फ्लॅट तळमजल्यावरचा होता, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांना जिने झेपत नव्हते. तुमच्या आईचं लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. मग आम्ही तिघंच उरलो.

स्वयंपाकघराला मागे एक दार होतं. ते उघडलं की पुढे आमच्या बिल्डिंगची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी. रुंदी साडेचार फूट. मी स्वतः टेपने मोजली होती. लांबी आमच्या दोन खोल्यांएवढी. हेच आमचं बॅकयार्ड. तिथे कपडे वाळत घालायची एक दोरी, एक मोरी आणि बिल्डरने मागे टाकून दिलेल्या विटांचे तुकडे, एवढाच ऐवज होता. वरच्या मजल्यांच्या त्या बाजूला फक्त न्हाणीघरांच्या जाळीच्या खिडक्या होत्या, त्यामुळे वरून कोणी बघण्याची भीती नव्हती. खरी अडचण समोर होती.

कंपाउंडची भिंत चार फुटी. पलीकडून खारी गावातली माणसं स्टेशनकडे जायच्या पायवाटेने जात, आणि ती वाट आमच्या जमिनीपेक्षा उंच. म्हणजे जाणारा प्रत्येक माणूस कमरेपासून वर आम्हाला दिसायचा आणि आम्ही त्याला अख्खे दिसायचो. मी दार उघडं टाकून फोडणी दिली की कोणीतरी चालता चालता म्हणायचं, "काय वहिनी, आज भेंडी काय?" बोलण्यात वाईट काहीच नसायचं. पण रोज सकाळी आपल्या भेंडीची हजेरी रस्त्यावर लागावी, हे मला जड जायचं. सासूबाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. "चाळीत काय तुझ्याकडे पडदे होते?" म्हणायच्या आणि दोरीवर लुगडं टाकून आत यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, नाशिकहून बातमी आली. तुमच्या आईला दिवस गेले होते. थोरले, ती तू होतीस. माझ्या आनंदाला इतकं उधाण आलं होतं की त्या संध्याकाळी मी चहात मीठ घातलं आणि तुमच्या आजोबांनी तो न बोलता प्यायला. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं नाशिकला गेलो.

तुमची नाशिकची आजी, म्हणजे माझ्या विहीणबाई, मोकळ्या स्वभावाच्या. जे मनात ते ओठांवर. जेवणं झाल्यावर त्यांनी मला त्यांची गच्ची दाखवली. केवढं ऊन! चारी बाजूंनी छातीएवढा कठडा, आत वाळवणं.

"पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण विहीणबाई, राग मानू नका. तुमच्याकडे तळमजला. बाळाला सकाळचं कोवळं ऊन कुठे देणार? आणि मागे बसायचं म्हटलं तर येणारे-जाणारे बघतात. बाळंतीण तिथे अंग शेकत बसेल कशी, बाळाला पाजेल कशी?"

जे काही त्या बोलल्या ते अगदी बरोबर होतं.

"ओटी भरायला मी येईन तेव्हा बघते," त्या म्हणाल्या. "ऊन आणि आडोसा दोन्ही असले तर पोर तुमच्याकडे. नाहीतर इथे ही गच्ची आहेच."

तुमची आई मला बसस्टँडवर सोडायला आली. माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आई, मला तुझ्याकडेच यायचंय गं. काहीतरी कर."

बस घोटीपर्यंत येईतो माझ्या डोक्यात अख्खा आराखडा तयार होता.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आधी ऊन बघितलं. सकाळी पट्टीत बिल्डिंगच्या भिंतीला लागून खुर्ची ठेवायची आणि त्या खुर्चीवर ऊन कधी येतं ते बघायचं. ऊन छान येत होतं, आणि चहाचा दुसरा कप संपायच्या आत. ग्राफपेपरवर मी भिंत काढली, खुर्ची काढली, पलीकडून जाणारा माणूस काढला. त्या माणसाच्या डोळ्यापासून खुर्चीपर्यंत रेघ ओढली आणि आडोसा किती उंच हवा ते ठरवलं. तुमचे आजोबा चष्मा लावून बघत बसले आणि म्हणाले, "हा माणूस टक्कल पडलेला का काढलास?"

"केस काढायला वेळ नव्हता."

"बरं झालं. मला वाटलं, मीच चोरून बघतोय."

मग सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी घ्यायला गेले. सज्जन गुजराती गृहस्थ होते. माझा ग्राफपेपर उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बेन, प्लान तो बहोत अच्छा है. लेकिन पक्का कुछ नहीं बनाने का. दीवाल ऊँची नहीं, पत्रा नहीं. कल सबको चाहिए होगा."

"पेड-पौधा चलेगा?"

"झाड की कोई मना नहीं. झाड तो भगवान का है."

म्हणजे वेल. पण ती कुठे लावायची? जमीन सगळी भरणी घातलेली, त्यात कधीकाळच्या मिठागरांची खारट माती. तुळससुद्धा तिथे मान टाकायची. मी वाण्याकडून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले, तळाला खिळ्याने भोकं पाडली, गोणीभर लाल माती विकत घेतली आणि भिंतीच्या पायाशी डब्यांची रांग मांडली. तुमच्या आजोबांनी बांबू उभे केले आणि आडव्या सुतळ्या ओढल्या. आम्ही बांबू बांधत होतो तेव्हा पलीकडून एक आगरी बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालल्या होत्या. त्या रोज जायच्या, पण बोलणं कधी झालं नव्हतं. त्या थांबल्या.

"काय गो बाय, आमचा तोंड बगाचा न्हाय काय तुला?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी सगळं खरंच सांगून टाकलं. लेक बाळंतपणाला यायची आहे, ऊन हवं, आडोसा हवा. त्यांनी पाटी भिंतीवर टेकवली आणि माझ्या डब्यांकडे बघितलं.

"यात काय लावशील?"

"मधुमालती लावीन म्हणते."

"ती कवा वाढल? तुजा नातू शालेत जाईल तवा." आणि त्या खळखळून हसल्या. "गारवेल लाव गो. आमच्या विहिरीवर हाय. बकरी पन खात न्हाय तिला."

दुसऱ्या दिवशी पाटीत भाजीवर गारवेलीची भेंडोळी ठेवून त्या आल्या. मी फांद्या कापून एकेका डब्यात खोचल्या. पाऊस सुरू झाला आणि त्या वेलीने जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही! सकाळी जिथे शेंडा बघावा तिथे संध्याकाळी तो नसायचाच, पुढच्या सुतळीवर गेलेला असायचा. मी ऑफिसातून आले की चपला न काढता आधी मागचं दार उघडायची. श्रावण संपेपर्यंत बांबू दिसेनासे झाले. गणपतीत जांभळी फुलं आली. पलीकडून आवाज यायचे, हसणं यायचं, पण माणूस दिसायचा नाही. मी दार सताड उघडं टाकून भेंडी केली आणि कोणी काही म्हणालं नाही. ते पहिलं जेवण मला पंचपक्वान्नासारखं लागलं.

तक्रार फक्त सासूबाईंची होती. "तुझ्या वेलीपायी माझं लुगडं वाळत नाही," रोज सांगायच्या. दोरी वेलीच्या सावलीत गेली होती आणि नऊवारी सुती लुगडं दोन दिवस ओलं राहायचं, त्याला कुबट वास यायचा. मी म्हणायची, "पावसाळा आहे, सासूबाई. दिवाळीनंतर वाळेल." त्या पंख्याखाली खुर्च्यांवर लुगडं पसरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

दसऱ्यानंतर विहीणबाई ओटी भरायला तुमच्या आईला घेऊनच आल्या. दुपारची वेळ होती. मी मागचं दार उघडलं. त्या बाहेर गेल्या, वेलीला हात लावला, वर बघितलं, पलीकडच्या माणसांचे आवाज ऐकले.

"वा," त्या म्हणाल्या. "जिंकलंत तुम्ही. पोर ठेवून जाते."

तुमच्या आईने आत जाऊन उशीत तोंड खुपसून आनंदाने किंचाळून घेतलं. मी ऐकलं, विहीणबाईंनीही ऐकलं असणार.

मार्गशीर्षातल्या थंडीत तू जन्मलीस. जावळ दाट, आवाज खणखणीत, आणि अंगावर किंचित पिवळी झाक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरायचं कारण नाही, फार कमी आहे. पाजत राहा, सकाळचं कोवळं ऊन द्या, आणि परवा पुन्हा दाखवून जा." मी तर खूशच झाले. ऊनच ना? त्याची व्यवस्था तर उन्हाळ्यापासून करून ठेवली होती!

घरी आल्यावर पहिल्या सकाळी तुला तेल लावून आंघोळ घातली, दुपट्यात गुंडाळलं, खुर्चीवर उशी ठेवून तुमच्या आईला बाहेर बसवलं आणि आम्ही सगळे उन्हाची वाट बघत दारात उभे राहिलो.

ऊन आलंच नाही. आमच्या डोक्यांच्या वर, बिल्डिंगच्या भिंतीवर ते लख्ख पडलं होतं. तिथून खाली उतरायला तयार नव्हतं. ते खुर्चीपर्यंत आलं तोवर चांगलं चटका देण्यासारखं झालं होतं आणि तू पिऊन झोपूनही गेली होतीस.

मी आत जाऊन ग्राफपेपर काढला. रेघा सगळ्या बरोबर होत्या. चूक एवढीच की त्या मी मे महिन्यात ओढल्या होत्या, आणि तेही भिंतीवर वेल नसताना. दक्षिणायन मी शाळेत आणि कॉलेजात पुन्हा एकदा शिकले होते. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकतो, तिरपा राहतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त माझ्या मागच्या पट्टीतसुद्धा तोच सूर्य येतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "त्या टकल्याचं सगळं नीट मोजलंस. सूर्याचं राहिलं."

मला हसू येईना. चार दिवसांनी बारसं होतं. विहीणबाई आदल्या संध्याकाळी मुक्कामालाच येणार होत्या. तुला पिवळी बघून आणि सावलीत बसवलेली बघून त्या तुम्हा दोघींना गच्चीवर घेऊन गेल्या असत्या, आणि मला 'नको' म्हणायला तोंड नव्हतं. तुमची आई तुझे पाय हातात घेऊन बसली होती.

मी कात्री घेतली.

"आई, नको ना," ती म्हणाली. "किती हौसेने वाढवलीस. उद्या नाहीतर परवा येईल ऊन."

"परवा सूर्य काय उत्तरेला येणार आहे?" असं म्हणून मी वेल कापायला लागले. भिंतीच्या वरची सगळी. फुलांसकट, शेंड्यांसकट. कापलेल्या ढिगात तुमच्या आजोबांचे पाय गुरफटले. तासाभरात भिंत पुन्हा चार फुटी झाली आणि पलीकडून पहिलाच जाणारा माणूस म्हणाला, "अरे वा वहिनी, लई दिवसांनी!"

ऊन मिळालं, आडोसा गेला. दुसऱ्या सकाळी तुला आजोबांनी एकट्यांनी उन्हात धरलं, टोपी घालून, अवघडून, आणि तू कळवळून रडलीस. तुला भूक लागली होती. तुमची आई दाराच्या आत, अंधारात, हात पुढे करून उभी. दोघींच्या मध्ये फक्त उंबरठा होता. तिला बाहेर येता येत नव्हतं, कारण पायवाट तेव्हा भरलेली असायची. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासायला लागले.

तेवढ्यात सासूबाई बादली घेऊन बाहेर गेल्या. त्यांना बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या दोरीला किती महिन्यांनी ऊन लागलं होतं! त्यांनी पिळलेलं लुगडं झटकलं आणि दोरीच्या एका टोकापासून काठाला चिमटे लावत लावत चालत गेल्या.

"वाळेल हो आज," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

भांडं हातात तसंच धरून मी दारात आले. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. ते पट्टीच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं गेलं होतं. खालचा काठ भिंतीच्या कडेखाली, वरचा काठ जाणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या वर. आणि ते धुऊन धुऊन इतकं विरलं होतं की त्यातून ऊन आरपार येत होतं. खुर्चीवर, फरशीवर, आजोबांच्या टोपीवर सगळीकडे ऊन.

"पोरी, बाहेर ये!" मी ओरडले. "ये, ये, बस!"

तुमची आई बाहेर येऊन बसली आणि तुला जवळ घेतलं. रडणं बटण दाबल्यासारखं थांबलं. पलीकडून माणसं चालली होती, लुगड्यावर त्यांच्या सावल्या सरकत होत्या, आणि एकानेही मान वळवली नसावी. वाळत घातलेल्या लुगड्याकडे कोण बघतं?

मग आजोबांनी वाकून तुझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, ही तर जास्तच पिवळी झालीय!"

आम्ही सगळे वाकलो. तू नाकापासून टाचेपर्यंत हळदीसारखी दिसत होतीस. सासूबाईंनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "लुगडं कुठल्या रंगाचं आहे ते बघा की."

लुगडं पिवळं होतं. तुझ्याबरोबर तुझी आई पिवळी होती, आजोबाही पिवळे होते, फक्त त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. हसून हसून तुमच्या आईचे टाके दुखायला लागले. तेव्हापासून दोरीवर सासूबाईंचं मोतिया रंगाचं लुगडं, रोज तेच. आता त्यांची नवी तक्रार सुरू झाली: "मी ते नेसायचं कधी?"

राहिलं उघडं ऊन, कापडातून न गाळलेलं. त्याची सोय पलीकडून झाली. भाजीवाल्या काकूंनी वेल कापलेली बघून आधी मला फैलावर घेतलं, मग कारण ऐकल्यावर भिंतीशी पाटी टेकवून उभ्याच राहिल्या. स्टेशनची गर्दी ओसरली की त्या वाटेच्या दोन्ही टोकांना बघून हाक द्यायच्या, "आता कोन न्हाय गो, सोड खाली!" मी दोरी खालच्या खिळ्यावर अडकवायची आणि तुझ्या पायांवर सरळ ऊन पडायचं. कोणी येताना दिसलं की, "चढव चढव, येतंय कोनतरी!" मी दोरी वर. नाटकाच्या पडद्यामागे असतो तसा आमचा उत्साह. डॉक्टरीणबाईंनी तुला पुन्हा तपासलं आणि रंग उतरल्याचं सांगितलं.

एकच उणीव राहिली होती. लुगडं मोरीच्या टोकाला हातभर कमी पडायचं. तिथे फट राहायची आणि त्या फटीकडे तुमच्या आईला पाठ करून बसावं लागायचं. मी तिथे टॉवेल लावून बघितला, तो वाऱ्याने उडायचा.

विहीणबाई बारशाच्या आदल्या संध्याकाळी आल्या. तुला मांडीवर घेतलं, आणि लगेच म्हणाल्या, "वेल कुठाय?"

"कापली."

"का?"

"ऊन अडत होतं."

"मग आता आडोसा?"

"सकाळी दाखवते," मी म्हणाले. रात्री दोनदा उठून मोतिया लुगडं वाळलंय ना ते बघून आले.

सकाळी चिमटे लावले, खुर्ची ठेवली, तुमची आई तुला घेऊन बसली. विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. लुगड्यावरून सावल्या चालल्या होत्या. पलीकडून हाक आली, "सोड खाली!" मी दोरी सोडली, ऊन तुझ्या पायांवर पडलं, तू बोटं पसरलीस. पुन्हा हाक आली, दोरी वर गेली. विहीणबाई खुर्चीभोवती फिरल्या, वाकून मोरीच्या टोकाच्या फटीतून पलीकडे बघितलं आणि आत निघून गेल्या. आता काय म्हणतात या, म्हणून मी चिमट्यांचा डबा छातीशी धरून उभी.

आतून नळाचा आवाज आला. थोड्या वेळाने विहीणबाई हातात पिळलेली साडी घेऊन बाहेर आल्या. येताना नेसून आलेली, फिक्या गुलाबी रंगाची. त्यांनी ती दुहेरी केली, मोरीच्या टोकाला दोरीवर टाकली, फट पूर्ण झाकली आणि माझ्यापुढे हात केला.

"चिमटे द्या."

मी दिले. त्यांनी ते एकेक करून लावले आणि तुमच्या आईला म्हणाल्या, "आता सरळ बस. पाठ अवघडली असेल."

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी त्या नाशिकला परत गेल्या, एकट्याच. पिशवी भरताना मी ती गुलाबी साडी घडी करून आणली, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे ती दोरीवर," त्या म्हणाल्या. "पोरी तीन महिने इथे आहेत ना?"